एर्डोश : बॅग बाजूला ठेवून

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात मला पॉल एर्डोश या हंगेरियन गणितज्ञावर बोलायला सांगितले होते. अकरावी-बारावीचे काही विद्यार्थीही आले होते. मी तासभर बोललो. या माणसाला घर नव्हते, कायमची नोकरी नव्हती, सगळा संसार एका बॅगेत मावत असे, आज या गावी तर उद्या त्या देशात, जाईल तिथे कोणा गणितज्ञाच्या घरी मुक्काम आणि रात्री उशिरापर्यंत गणित. सभागृह खूष होते. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण त्यांनी केलं काय?"

"सुमारे पंधराशे शोधनिबंध लिहिले," मी म्हणालो. ती खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही. पंधराशे हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, ती फक्त मोजणी झाली.

हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. मी गणितज्ञ नाही. माझे काम सांख्यिकी भौतिकीतले. पण एर्डोश यांची एक कल्पना आमच्या विषयात रोज वापरली जाते, आणि ती शाळेच्या फळ्यावर मांडता येण्याइतकी सोपी आहे. असे असूनही ती गोष्टीरूप एर्डोशमध्ये हरवून जाते, ही माझी तक्रार आहे. त्या तक्रारीत मी स्वतःलाही धरतो.

आधी त्या गोष्टींविषयी. एर्डोश २० सप्टेंबर १९९६ रोजी वॉर्सा येथे, एका परिषदेला गेले असताना वारले. १९९८ मध्ये त्यांची दोन लोकप्रिय इंग्रजी चरित्रे निघाली, एक माहितीपट त्याआधीच, १९९३ मध्ये झाला होता. त्यातून आणि त्यांच्या मित्रांच्या आठवणींतून जे चित्र लोकांपर्यंत पोचले ते एका विक्षिप्त साधूचे आहे. कॉफीविषयीचे एक प्रसिद्ध वाक्यही त्यांच्या नावावर खपते. ते मुळात त्यांचे मित्र आल्फ्रेड रेन्यी यांचे. पण बेघरपणाची गोष्ट सांगताना त्यामागची कारणे आपण गाळतो. त्यांचा जन्म २६ मार्च १९१३ रोजी बुडापेस्टमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील दोघेही गणिताचे शिक्षक. जन्माच्या सुमारासच दोन्ही थोरल्या बहिणी स्कार्लेट फीव्हरने गेल्या. पहिल्या महायुद्धात वडील रशियात कैद झाले ते सहा वर्षांनी परतले. १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर एर्डोश मँचेस्टरला गेले आणि १९३८ मध्ये अमेरिकेत. तोवर हंगेरीत ज्यूंना भविष्य उरले नव्हते. अनेक नातलग ज्यूंच्या संहारात मारले गेले. पुढे १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित परिषदेला गेले तर अमेरिकेने त्यांना परत येऊ दिले नाही. शीतयुद्धाचा काळ होता आणि ते कम्युनिस्ट देशाचे नागरिक होते. म्हणजे या माणसाची भटकंती सगळीच स्वभावाची नव्हती. बॅग हातात इतिहासाने दिली. ती पुढे कधी खाली ठेवायची नाही, हे मात्र त्यांनी ठरवले.

आता त्यांच्या कामाकडे वळू.

१९३३ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये गणिताची आवड असलेल्या तरुण विद्यार्थ्यांचा एक गट होता. सुट्टीच्या दिवशी ही मुले टेकड्यांवर फिरायला जात, बागेतल्या एका पुतळ्यापाशी जमत आणि एकमेकांना कोडी घालत. त्यातल्या एस्थर क्लाईन हिने एक कोडे आणले. कागदावर कोणतेही पाच बिंदू काढा, फक्त तीन बिंदू एका रेषेत नकोत. त्या पाचांतून असे चार बिंदू नेहमीच निवडता येतात की त्यांचा बहिर्वक्र चौकोन होतो, म्हणजे ज्याचा एकही कोपरा आत दबलेला नाही असा. हे तिने सिद्ध केले होते. मग पंचकोनासाठी किती बिंदू लागतील? षटकोनासाठी? एर्डोश आणि जॉर्ज सेकेरेश यांनी यावर १९३५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सेकेरेश आणि एस्थर यांचे १९३७ मध्ये लग्न झाले, म्हणून एर्डोश या कोड्याला 'सुखान्त प्रश्न' म्हणत. हे लग्न अडुसष्ट वर्षे टिकले आणि २८ ऑगस्ट २००५ रोजी दोघेही तासाभराच्या अंतराने गेली. (पाहा, मी पुन्हा गोष्टीच सांगू लागलो. त्या टाळणे खरेच अवघड आहे.)

त्या निबंधात दोघांनी नकळत एक प्रमेय नव्याने शोधले होते. इंग्लंडचा फ्रँक रॅम्से, जो १९३० मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला, त्याने ते आधी मांडले होते. त्याचा सर्वांत लहान नमुना वर्गात पाच मिनिटांत होतो. कोणतीही सहा माणसे एकत्र आणा. त्यांच्यात परस्परांच्या ओळखीचे तिघे तरी असतील किंवा परस्परांना अनोळखी असे तिघे तरी. सहांपैकी एकीला उभे करा, तिला शैला म्हणू. उरलेल्या पाचांपैकी किमान तिघे तिच्या ओळखीचे असतील किंवा किमान तिघे अनोळखी. समजा तिघे ओळखीचे आहेत. त्या तिघांत कोणत्याही दोघांची ओळख असेल तर ते दोघे आणि शैला मिळून त्रिकूट झाले. तशी एकही जोडी नसेल तर ते तिघेच परस्परांना अनोळखी. दुसरी शक्यताही अशीच सुटते. पाच माणसांना मात्र हे लागू नाही. पाच जणांना गोलात बसवा आणि प्रत्येकाची फक्त शेजारच्या दोघांशीच ओळख आहे असे धरा. दोन्हीपैकी एकही त्रिकूट सापडणार नाही.

तिघांऐवजी चौघे हवे असतील तर अठरा माणसे लागतात; हे १९५५ मध्ये सिद्ध झाले. पाच हवे असतील तर? उत्तर ४३ ते ४६ च्या दरम्यान आहे, एवढेच आज माहीत आहे. नेमका आकडा कोणालाही सांगता आलेला नाही. त्रिकुटासाठीची फळ्यावरची युक्ती पुढे रेटत नेली की कितीही मोठा गट हवा असला तरी पुरेशी माणसे जमवल्यावर तो मिळतोच, हे कळते. अव्यवस्था पुरती साधत नाही. पण किती माणसांपर्यंत ती साधता येते? दहाच्या गटांचा विचार केला तर असा किती मोठा जमाव रचता येईल, की ज्यात परस्पर ओळखीचे दहा नाहीत आणि परस्पर अनोळखी दहाही नाहीत?

साहजिक मार्ग म्हणजे असा जमाव रचून दाखवणे. एर्डोश यांनी १९४७ मध्ये तीन पानांच्या एका निबंधात तो मार्ग सोडला. त्यांचा युक्तिवाद शंभर माणसांवर करून पाहू. आकडे एखाद्या विद्यार्थ्याकडून जरूर तपासून घ्या.

शंभर माणसांत ४,९५० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी एक नाणे उडवा. छापा पडला तर त्या दोघांची ओळख, काटा पडला तर ते अनोळखी. आता कोणतेही दहा जण घ्या. त्यांच्यात ४५ जोड्या आहेत. पंचेचाळीसही वेळा छापा पडण्याची संभाव्यता म्हणजे १ भागिले २ चा ४५ वा घात. सगळे काटे पडण्याची तेवढीच. दोन्ही मिळून १ भागिले २ चा ४४ वा घात. अशा दहा जणांच्या गटाला आपण 'वाईट' म्हणू. दहा जणांचे एकूण गट किती? शंभरातून दहा निवडण्याचे प्रकार १,७३,१०,३०,९४,५६,४४० इतके आहेत. आणि २ चा ४४ वा घात आहे १,७५,९२,१८,६०,४४,४१६. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. साधारण ०.९८ येते.

हे ०.९८ म्हणजे वाईट गटांची सरासरी संख्या. नाण्यांच्या सगळ्या शक्य निकालांचा विचार केला तर दर निकालामागे सरासरी ०.९८ वाईट गट. आता एक साधी गोष्ट आठवा. वर्गात दर विद्यार्थ्यामागे सरासरी एकापेक्षा कमी पेन असेल, तर निदान एका विद्यार्थ्याजवळ एकही पेन नाही, कारण प्रत्येकाजवळ एक तरी असते तर सरासरी एकाखाली गेलीच नसती. तसेच इथे. सरासरी एकाहून कमी आहे, तेव्हा ज्यात एकही वाईट गट नाही असा निदान एक निकाल असलाच पाहिजे. म्हणजे शंभर माणसांचा असा जमाव आहे. कदाचित असेल असे नव्हे, नक्की आहे. आपण तो पाहिलेला नाही, रचलेला नाही, आणि तरी तो आहे याबद्दल शंका उरत नाही.

इथे एक चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेईल की दहांचे हे गट एकमेकांत मिसळलेले आहेत. एकच जोडी अनेक गटांत येते, मग त्यांच्या संभाव्यता सरळ कशा मिळवायच्या? हरकत योग्य आहे, पण सरासरीला ती लागू होत नाही. गणिताच्या आणि शास्त्राच्या पेपरांतले गुण एकमेकांवर अवलंबून असले, तरी एकूण गुणांची सरासरी ही दोन सरासऱ्यांची बेरीजच असते. या सगळ्या युक्तिवादाचा भार या एका गुणधर्मावर आहे.

निबंधात प्रत्यक्षात नाणी नाहीत. एर्डोश यांनी सरळ मोजदाद केली होती: वाईट आलेख इतके, एकूण आलेख त्याहून जास्त, म्हणून चांगला आलेख उरतोच. आलेख म्हणजे इथे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे. रेषा म्हणजे ओळख. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की असा युक्तिवाद करणारे ते पहिले नव्हते. हंगेरीच्याच टिबोर सेले यांनी १९४३ मध्ये स्पर्धांतल्या जय-पराजयांच्या एका प्रश्नात सरासरीची हीच युक्ती वापरली होती. पण एखादी युक्ती एकदा वापरणे वेगळे, आणि ती एक पद्धत आहे हे ओळखून तिला आयुष्यभर कामाला लावणे वेगळे. श्रेय द्यायचे ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

ही ओळख कुठून आली? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवले होते की एखादी संख्या किती वेगवेगळ्या मूळ संख्यांनी भागली जाते हे मोजले, तर बहुतेक संख्यांसाठी उत्तर एका ठराविक आकड्याच्या जवळपास असते: त्या संख्येच्या लॉगॅरिथमचा पुन्हा लॉगॅरिथम. दहा कोटींच्या आसपासच्या संख्यांसाठी हा आकडा सुमारे तीन. १९३४ मध्ये एर्डोश यांचे मित्र पाउल तुरान यांनी याची फार सोपी सिद्धता दिली, आणि तिचे स्वरूप संख्याशास्त्रातल्या विचरणाच्या हिशेबासारखे होते. मार्च १९३९ मध्ये प्रिन्स्टनला मार्क काक व्याख्यान देत होते. त्यांचा अंदाज असा की मूळ विभाजकांची ही संख्या त्या आकड्याभोवती घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे, म्हणजे प्रसामान्य वितरणाप्रमाणे, पसरलेली असावी. उंची, वजन, परीक्षेतले गुण ज्या वक्रात बसतात, तोच. पण संख्याशास्त्रीय बाजू जमली तरी मूळ संख्यांची बाजू काक यांना पुरी करता येत नव्हती. श्रोत्यांत एर्डोश होते. तोपर्यंत त्यांचे लक्ष नव्हते आणि संभाव्यताशास्त्र त्यांना फारसे येतही नव्हते. मूळ संख्यांचे नाव निघताच ते जागे झाले, आणि व्याख्यान संपण्याआधी त्यांनी उरलेला भाग पुरा केला. १९४० मध्ये दोघांचा निबंध आला.

हा किस्सा मला बॅगेच्या किश्शांहून मोलाचा वाटतो, कारण त्यात गणित आहे. बारा हा बारा आहे. त्याचे विभाजक कोणी नाणे उडवून ठरवत नाही. तरीही लाखो संख्यांकडे एकदम पाहिले की त्या नाणी उडवल्यासारख्या वागतात. जिथे योगायोगाला जागाच नाही तिथे योगायोगाचे नियम लागू होतात, हे एर्डोश यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी दिसले. आठ वर्षांनंतरचा तीन पानांचा निबंध याच दृष्टीचा आहे, असे मला वाटते.

यापुढची दोन कामे थोडक्यात. आपल्या शाळेच्या परीक्षेचे वेळापत्रक घ्या. प्रत्येक विषय हा एक बिंदू. एकाच मुलाने घेतलेल्या दोन विषयांमध्ये रेषा. जोडलेल्या बिंदूंना वेगळा रंग, म्हणजे परीक्षेची वेगळी वेळ. जाळ्यात आखूड फेरे नसतील, तर कोणत्याही बिंदूभोवती पाहिले की झाडाच्या फांद्यांसारखे दिसते, आणि झाड रंगवायला दोन रंग पुरतात. मग सगळे जाळे थोडक्या रंगांत व्हायला हवे, नाही का? १९५९ मध्ये एर्डोश यांनी दाखवले की नाही. कितीही रंग लागणारी, तरीही आखूड फेरे नसलेली जाळी असतात. सिद्धता पुन्हा नाण्यांची, पण एक पायरी पुढची. नाणी उडवून केलेल्या जाळ्यात थोडेसे आखूड फेरे येतात. प्रत्येकातला एक बिंदू पुसून टाका. उरलेल्या जाळ्यात, आपसात एकही रेषा नाही असा मोठा गट कुठेही नसतो. एका रंगाचे बिंदू म्हणजे असाच गट. गट लहान, म्हणून रंग पुष्कळ. निर्दोष वस्तू मिळत नसेल तर थोडी सदोष घ्या आणि दोष काढून टाका, इतका हा व्यवहारी विचार आहे.

त्याच सुमारास रेन्यी यांच्याबरोबर त्यांनी यादृच्छिक आलेखांचा अभ्यास सुरू केला. त्यातला १९६० चा निबंध आमच्या विषयाच्या सर्वांत जवळचा. एक हजार बिंदू घ्या आणि चिठ्ठ्या टाकून एकेक रेषा जोडत जा. शक्य रेषा ४,९९,५००. बराच वेळ सगळीकडे लहान तुकडेच दिसतात. रेषांची संख्या ५०० च्या पुढे गेली की अचानक एक प्रचंड तुकडा तयार होतो आणि बाकीच्यांना गिळू लागतो. सुमारे ३,४५० रेषांच्या आसपास शेवटचे सुटे बिंदूही जोडले जातात. पाण्याचा बर्फ होतो तसा हा बदल आहे, आणि भौतिकीत आम्ही ज्याला स्थित्यंतर म्हणतो त्याचे इतके स्वच्छ गणिती उदाहरण क्वचितच मिळते. खऱ्या जगातली जाळी, माणसांची किंवा संगणकांची, अशी नाणी उडवून बनत नाहीत, हे १९९८-९९ पासून चांगलेच स्पष्ट झाले आहे. पण ती किती वेगळी आहेत हे मोजायला तुलना करतात ती याच जाळ्याशी.

आता आक्षेप. एर्डोश यांच्या हयातीतच त्यांच्याविषयी एक कुजबुज होती, आणि ती क्षुद्र लोकांची नव्हती. हे गृहस्थ कोडी सोडवतात, सिद्धांत उभारत नाहीत, असे म्हटले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यावर गणिताचा मोठा प्रवाह अमूर्त रचनांकडे जात होता. एर्डोश त्या वाटेला फारसे गेले नाहीत. त्यांच्या पंधराशे निबंधांत पुष्कळसे दोन-चार पानांच्या टिपणांसारखे आहेत, आणि काही दुसऱ्या कोणी लिहिले असते तर आज कोणी उघडलेही नसते. म्हणून तो आकडा मुलांना सांगू नये असे मला वाटते. तशीच 'एर्डोश अंकां'ची करमणूक: त्यांच्यासोबत निबंध लिहिला तर एक, तशांसोबत लिहिला तर दोन, वगैरे. पाचशेहून अधिक सहलेखक असलेल्या माणसाभोवती हा खेळ होणारच. पण तो गणित मोजत नाही, ओळखी मोजतो.

आक्षेपाचा मुख्य भाग मात्र मला अर्धाच पटतो. टिमोथी गॉवर्स यांनी २००० मध्ये गणितातल्या दोन संस्कृतींवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की कॉम्बिनेटॉरिक्समध्ये, म्हणजे रचना आणि मोजणीच्या या शास्त्रात, सिद्धांत नाहीत असे नाही. ते मोठ्या प्रमेयांच्या रूपात न दिसता तत्त्वांच्या रूपात असतात, आणि प्रश्नाकडून प्रश्नाकडे जातात. १९४७ चा निकाल हे त्यांचे एक उदाहरण आहे. ते मला मान्य आहे. प्रश्न असा की ते तत्त्व नीट लिहून ठेवायला एर्डोश यांनी इतका उशीर का केला? तीन पानांत निकाल देऊन ते पुढच्या गावी गेले. पद्धत म्हणून तिची सलग मांडणी १९७४ मध्ये, एर्डोश आणि जोएल स्पेन्सर यांच्या पुस्तकात झाली. नोगा अलोन आणि जोएल स्पेन्सर यांचे पुस्तक १९९२ मध्ये आले. मधल्या काळात ज्याची गाठ एर्डोश यांच्याशी किंवा त्यांच्या मंडळींशी पडली त्याला ती विद्या मिळाली. ज्याची पडली नाही, तो वंचित राहिला. तोंडी परंपरेचे हे दुखणे आपल्याला अपरिचित नाही.

दुसऱ्या बाजूला, त्यांची प्रश्न विचारण्याची रीत. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे लॅटिन चौरसांविषयीचे अनुमान खोटे ठरवले. यातले शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये ते १०२ व्या वर्षी वारले. ऑयलरला वाटले होते की १०, १४, १८ अशा आकारांचे एकमेकांशी जुळणारे दोन चौरस होऊच शकत नाहीत. ते होतात हे सिद्ध झाल्यावर बहुतेकांना विषय संपला असे वाटले असते. सर्वदमन चौला, अर्न्स्ट स्ट्राउस आणि एर्डोश यांनी लगेच १९६० मध्ये पुढचा प्रश्न घेतला. आकार वाढत गेला तर असे परस्पर जुळणारे चौरस किती मिळतात? त्यांची संख्या अमर्याद वाढते, हे त्यांनी दाखवले. 'आहे की नाही' याच्या जागी 'किती, आणि किती वेगाने' असे विचारणे ही एर्डोश यांची खास सवय. ती वर्गात शिकवता येते.

प्रश्न माणसाच्या मापाचा निवडण्याची त्यांची हातोटीही तशीच. लायोश पोशा या बाराव्या वर्षाच्या आतल्या मुलाला त्यांनी जेवताना विचारले: १ ते १०० मधून कोणत्याही ५१ संख्या घेतल्या, तर त्यात सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्या असतातच, हे दाखव. (त्यांनी ते सर्वसाधारण रूपात विचारले होते.) मुलाने सूप संपवता संपवता उत्तर दिले: ५१ संख्यांत दोन लागोपाठच्या येणारच. हाच पोशा पुढे आलेख सिद्धांतात चांगले काम करून, संशोधन सोडून मुलांना गणित शिकवण्याकडे वळला.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो खुद्द पद्धतीवर आहे. ही पद्धत वस्तू असल्याचे सांगते, हातात देत नाही. गंमत अशी की लहान आकड्यांसाठी हाताने केलेल्या रचना नाण्यांपेक्षा सरस ठरतात. १०१ माणसांना गोलात बसवून ठराविक अंतरांवरच्या लोकांची ओळख करून दिली, तर दहा सोडाच, परस्पर ओळखीचे किंवा परस्पर अनोळखी असे सहा जणही त्यात सापडत नाहीत. नाण्यांचा हिशेब दहाच्याच गटांसाठी शंभरापर्यंत जेमतेम पोचला होता! पण गटाचा आकार वाढत गेला की चित्र पालटते. नाणी मात्र प्रत्येक आकारासाठी सिद्धता देतात: वीसच्या गटासाठी हजाराहून मोठा जमाव, आणि गट दोनाने वाढला की जमाव दुप्पट. इतक्या वेगाने वाढत जाणारी, नियम सांगून रचता येणारी आणि सिद्ध झालेली रचना अजून कोणाकडेही नाही. दुसऱ्या टोकाला, १९३५ च्या निबंधातून निघणाऱ्या वरच्या मर्यादेत गट एकाने वाढला की जमाव चौपट होतो. त्या चारला खरा धक्का २०२३ मध्ये चार गणितज्ञांनी दिला, आणि तोही अगदी किंचित. खालच्या मर्यादेचा वाढीचा वेग १९४७ मध्ये होता तोच आहे. पंचाहत्तर वर्षांत तीन पानांच्या त्या युक्तिवादावर झालेली सुधारणा म्हणजे दुपटीचा एक गुणक, तो १९७५ मध्ये स्पेन्सर यांनी मिळवला. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन एर्डोश आणि लाझ्लो लोवास यांचेच. ते साधनही नुसते अस्तित्व सांगत असे; २०१० मध्ये मोझर आणि तार्दोश यांनी त्यातून प्रत्यक्ष शोधण्याची रीत काढली. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण तो बहुधा तात्पुरता असतो.

अलीकडे पुन्हा एका शिबिरात बोलायचा योग आला. या वेळी बॅगेचा उल्लेख केला नाही. फळ्यावर गोलात सतरा बिंदू काढले आणि मुलांना सांगितले की प्रत्येक बिंदू त्याच्यापासून दोन्ही बाजूंना १, २, ४ आणि ८ अंतरावरच्या बिंदूंना जोडा. जोडलेले चार किंवा न जोडलेले चार मिळतात का शोधा. अर्धा तास शोधूनही मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. मग एकाने विचारले की १, २, ४, ८ च का, ३ का नाही? १७ ने भागल्यावर वर्गसंख्यांच्या उरणाऱ्या बाक्या त्यांना काढायला सांगितल्या. जेवणाची घंटा झाली तेव्हा फळ्यावर तेराचा वर्ग चालू होता.